आईचे बी-१२ कमी आले आहे. आहारातून भरून निघेल का?

नीलिमा, नाशिक
माझी आई ६४ वर्षांची असून जन्मापासून शाकाहारी आहे. तळपायांना सतत मुंग्या येऊ लागल्या म्हणून रक्त तपासले, तेव्हा बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन ही तिन्ही कमी निघाली. डॉक्टरांनी बी-१२ व लोहाच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, अशी औषधे दिली आहेत. रोज वरण, पालेभाजी आणि मोड आलेली मटकी खाणाऱ्या माणसाला गोळ्या कशाला, असे आईचे म्हणणे आहे. बी-१२ साठी स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) घ्यावी, असेही तिला कोणीतरी सुचवले आहे. ती दहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. तिला कसे समजवावे?

शुभांगी, आहारतज्ज्ञ
नीलिमाताई, आईंचा आहार चांगलाच आहे. वरण आणि मटकीतून प्रथिने मिळतात, पालेभाजीतून फोलेट मिळते. परंतु बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच पोहोचते. कितीही मटकी खाल्ली तरी ते मिळणार नाही. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते आणि कपभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते, पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होते आणि वय वाढल्यावर जठरातील आम्लही कमी पडते. स्पिरुलिनात जे असते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण आपल्या शरीराला न चालणारे द्रव्य असते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. बी-१२ न देता केवळ फॉलिक ॲसिड (फोलेटचे गोळीतले रूप) दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. मुंग्या हे त्याच हानीचे लक्षण असू शकते आणि उशीर झाला तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही, म्हणून गोळ्या टाळू नयेत.

वसंत, सातारा
पुडीबद्दल लिहितो. औषधाच्या दुकानात कोणी नीट न सांगितल्यामुळे माझ्या थोरल्या भावाने ती दोन महिने रोज घेतली. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे जास्तीचे लघवीवाटे सहज निघून जात नाही. त्याच्या रक्तातले कॅल्शियम वाढले, तोंडाला कोरड पडली, उलट्या सुरू झाल्या आणि शेवटी त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. तेव्हापासून वहिनी दिनदर्शिकेवर रविवारच्या चौकटीत ‘पुडी’ असे लाल शाईने लिहून ठेवतात.

नीलिमा, नाशिक
शुभांगीताई, वसंतकाका, मनापासून आभार. दिनदर्शिकेवर आजच खुणा करते. आई लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते, ते चालेल का?

शुभांगी, आहारतज्ज्ञ
नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते, त्यामुळे दोन्हींत किमान तासाभराचे अंतर ठेवा आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर, साखर न घालता, द्या. पुढे कॅल्शियमची गोळी सुरू झाली, तर तीही वेगळ्या वेळी द्यावी. गोळीने शौचाचा रंग काळसर होतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा. अनेकजण घाबरून तेवढ्यावरच ती बंद करतात.