मदत हवी आहे : फोनची रिंग वाजली की ब्रॉडबँड तुटतं (लँडलाइन, नाशिक)

इंदिरानगर_गल्ली३
लँडलाइनवरचं एडीएसएल टू प्लस (फोनच्याच तारेवरून येणारं ब्रॉडबँड) कनेक्शन आहे. गल्लीत फायबर आलेलं नाही, त्यामुळे आहे तीच तार सुधारायची आहे. दोन आठवड्यांपासून फोनची रिंग वाजली की नेट जातं आणि दीड-दोन मिनिटांनी परत येतं. संध्याकाळी सातनंतर फोन न वाजताही तुटतं, पावसानंतर तर फारच.

मॉडेमच्या पानावरचे आकडे : डाउनस्ट्रीम ८,०६४ केबीपीएस, अ‍ॅटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) ३८ डीबी, एसएनआर मार्जिन (गोंगाटावर मात करायला सिग्नलकडे उरलेली शिल्लक) दिवसा ८ डीबी. रात्री मॉडेम ६ वर जोडला जातो आणि मार्जिन २ पर्यंत घसरलं की तुटतो. सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा) तासाला चारेक हजार.

दुसरा मॉडेम लावून पाहिला, फरक नाही. तक्रार केली की "एक्स्चेंजकडून लाइन ओके" म्हणून बंद होते. खांबावरची तार गच्चीवरून हॉलमधल्या रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या डबीला) येते, पुढे स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी). वरच्या मजल्यावर जादा फोन आहे, त्याची वायर रोझेटमधूनच काढली आहे. महागडा राउटर घेऊन उपयोग होईल का?

जोडतार
नेट जातं तेव्हा डीएसएलचा दिवा लुकलुकतो, की तो स्थिर राहून फक्त इंटरनेटचा विझतो? दुसरं असेल तर तारेचा प्रश्नच नाही, लॉगिनचा आहे. आणि मॉडेमचा अपटाइम बघा. तो शून्यावर येत असेल तर अ‍ॅडॅप्टर मरतोय.

इंदिरानगर_गल्ली३
डीएसएलचाच लुकलुकतो. अपटाइम पाच दिवसांचा आहे.

जोडतार
मग राउटरवर पैसे घालू नका. ३८ डीबी म्हणजे एक्स्चेंजपासून ढोबळमानाने पावणेतीन किलोमीटर. तेवढ्या अंतराला आठ एमबीपीएस वाजवी आहे. तुमच्याकडे बहुधा दोन वेगळे दोष आहेत, एक घरात आणि एक बाहेर. दोन्ही एकदम शोधायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

आधी घरातला. फोनवरचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतो, एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झपासून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. दोघांना वेगळं ठेवणं हे स्प्लिटरचं काम. वरचा फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला आहे, म्हणजे तो गाळणीशिवाय थेट लाइनवर बसलाय. रिंगचा दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो. तो आला की, किंवा रिसीव्हर उचलला की, लाइनवरचा भार एकदम बदलतो आणि मॉडेमचा ताळमेळ सुटतो. शिवाय ती वर गेलेली वायर स्वतःच फांदीसारखी वागते : सिग्नल तिच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि काही फ्रिक्वेन्सी मारतो. फोन काढून वायर तशीच ठेवली तरी हा त्रास राहतो, म्हणून वायर रोझेटच्या स्क्रूपासूनच सोडवा.

नंतर स्प्लिटरही काढा. बाहेरून आलेल्या तारेला आखूड वायरने फक्त मॉडेम जोडा आणि २४ तास आकडे लिहा : सकाळी, दुपारी, रात्री नऊला. असंही तुटलं तर दोष घराबाहेर.

मग मॉडेम काढून तिथेच साधा वायरवाला फोन लावा, एक आकडा दाबा. डायलटोन थांबतो, काही सेकंद शांतता मिळते. त्यात खरखर ऐकू आली तर जोड कळकलाय. मल्टिमीटर असेल तर दोन तारांमध्ये रिसीव्हर ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास डीसी दिसायला हवा. पावसात तो उतरत असेल तर पाणी मुरतंय. वीज कडाडत असताना यातलं काही करू नका, आणि ओल्या हाताने तर नाहीच.

गोदाकाठ_डीपी
एक खूण अजून. नुसता रिसीव्हर उचलून दोन मिनिटं धरला आणि मार्जिन सुधारलं, तर कळकलेला जोड नक्की समजा. उचलल्यावर जो डीसी करंट वाहतो तो तांब्यावरचा थर तात्पुरता फोडतो. एक्स्चेंजची चाचणी याच कारणाने फसू शकते, डीसीला लाइन ठीक दिसते. (ही खूण बघताना फोन स्प्लिटरमागेच हवा, नाहीतर उलटं दिसेल.)

इंदिरानगर_गल्ली३
वरची वायर सोडवल्यापासून रिंगला एकदाही तुटलं नाही. पण फक्त मॉडेम लावूनही रात्री मार्जिन ३ वर येतं. फोनमध्ये खरखर आहे. गच्चीच्या कठड्याखाली टेप गुंडाळलेला एक जोड दिसतोय.

गोदाकाठ_डीपी
तोच. टेपच्या आत पाणी साठतं, बाहेर येत नाही. तक्रारीत "नेट स्लो" लिहू नका. "ड्रॉप वायरच्या जोडात खरखर, घरची वायरिंग काढून तपासली, मार्जिन दिवसा ८ रात्री ३" असं लिहा (ड्रॉप वायर म्हणजे खांबावरून घरात येणारी तार), म्हणजे लाइनमन थेट गच्चीवर जाईल. डीपीपासून (जिथून घराघराला तारा फुटतात त्या पेटीपासून) रोझेटपर्यंत अखंड तार मागा. जोड द्यावाच लागला तर जेली भरलेला कनेक्टर : तार सोलायची नाही, कव्हरसकट टोकापर्यंत घालून पकडीने सपाट दाबायची. घरात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल.

इंदिरानगर_गल्ली३
लाइनमननी डीपीपासून अखंड तार टाकली. जुना जोड हिरवा पडला होता. आता दिवसा ११, रात्री ९, सीआरसी तासाला वीसच्या आत. वरचा फोन परत कसा लावू?

जोडतार
स्प्लिटरच्या फोनच्या खाचेतून. लाइनच्या खाचेत रोझेटची तार, मॉडेमच्या खाचेत मॉडेम, आणि दोन्ही फोन फोनच्याच खाचेत, समांतर. वरपर्यंत चपटी वायर नको, पीळ असलेली जोडी वापरा. रात्रीचे ते दोन डीबी बहुधा मीडियम वेव्ह रेडिओमुळे जात असतील, अंधार पडला की लांबची केंद्रं जोरात येतात. ९ वर लाइन टिकेल.