नुसते ब्रेक ऑइल भरून भागणार नाही
वळणावर किंवा उतारावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझत असेल तर ब्रेक ऑइल भरून टाकावे, असा सल्ला दिला जातो; तो मला अपुरा वाटतो. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही असे होत असेल तर टाकीतील पातळी किमान खुणेजवळ आली आहे आणि ऑइल हिंदकळताच सेन्सर दिवा लावतो, असा बहुधा अर्थ असतो. मात्र बंद प्रणालीतील हे ऑइल विनाकारण कमी होत नाही. ब्रेक पॅड (चाकाच्या डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजत जातात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन पुढे सरकतात आणि मागे वाढलेली जागा ऑइल भरून काढते, त्यामुळे पातळी हळूहळू उतरते. झपाट्याने उतरली तर गळतीच समजावी. पॅड न तपासता टाकी भरली की ही सूचनाच दडपली जाते, शिवाय पुढे नवे पॅड बसवताना जादा ऑइल उतू जाऊन रंग खराब करते. दिवा सतत लागलेला असून पेडल मऊ लागत असेल, तर गाडी खालच्या गिअरमध्ये हळू करत बाजूला थांबवावी आणि टोइंगच बोलवावे. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यास चाके लॉक होऊ शकतात.