रात्रीच्या ओलितात तेच ते गाणे, नवीन काय अन् कसं ऐकावं?

पऱ्हाटीवाला
राजेहो, सध्या हरभऱ्याले पाणी चालू आहे अन् लाईन देतात रात्रीची, म्हणजे स्प्रिंकलरचे पाईप बदलवायची वेळ होईपर्यंत नुसतं धुऱ्यावर बसून राहा लागते. यूट्यूब लावलं तं फिरून फिरून तेच नव्वदच्या सालातले हिंदी गाणे, एक संपलं का त्याच्यासारखंच दुसरं. नवीन काही ऐका वाटते पण शोधावं कुठून समजत नाही, अन् लावलं तरी अर्ध्या मिनिटात बदलवून टाकतो. मले गाण्यातलं काही कळत नाही, घरी भजन होते तेवढंच. वावरात नेटही जेमतेम.

मोझरी_रोड
भाऊ, आधी ऑटोप्ले बंद कर. तू जे ऐकलं त्याच्यावरूनच ते पुढचं काढते, मंग नवीन येईन कुठून? घरी नेट असते तवा एकाच कलाकाराचे दोन-तीन डाऊनलोड करून ठेव (सगळ्याले डाऊनलोड होत नाही, होते ते घे), वावरात दुसरं काही नसलंच तं बदलवशीन काय.

अन् भजनवाल्या घरचा मानूस, काही कळत नाही कसा म्हणतो बे? तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी तं कानात बसलीच असन. तसंच वाद्य दक्षिणेत कंजिरा म्हणून मृदंगमसोबत वाजवतात, एका हातानं, अन् ऐकलं तं इश्वासच बसत नाही का हे येवढ्याशा डफलीतून निघते. सेल्वागणेश नावाचा वादक शोध. तो शक्ती नावाच्या ग्रुपात वाजवायचा, त्याच्यात झाकीर हुसेनचा (ते २०२४ च्या डिसेंबरात गेले) तबला होता अन् जॉन मॅकलॉफलिन या गोऱ्या मानसाचं गिटार, २०२४ मध्ये त्यायले ग्रॅमी भेटलं. मंग गिटार आवडलं तं त्याच्या मागं जा, घटम (मातीच्या मडक्यासारखं वाद्य) आवडला तं सेल्वागणेशच्या वडिलायच्या, विक्कू विनायकराम यायच्या मागं. असंच करत जा लागते, कोन वाजवते ते वाचायचं अन् त्याचं दुसरं शोधायचं. 'टॉप ५०' वगैरेच्या नादी लागू नको, माह्या मते तं तो निव्वळ टाईमपास.

पेटी_मास्तर
तुम्ही रात्री जागता आहातच तर मालकौंस ऐका, रात्रीचाच राग आहे. पाचच स्वर, रे आणि प नाहीतच, त्यामुळे नवख्या कानाला धरायला सोपा जातो. भीमसेन जोशींचा घ्या. पण सुरुवातीपासून नका लावू, विलंबित (संथ लयीचा) ख्याल ऐकून नवीन माणूस झोपतो हा माझा अनुभव. आधी शेवटचा द्रुत (जलद लयीचा) भाग ऐका, तो ओळखीचा झाला की मग मागे जा. आणि तीन-चार रात्री तोच ठेवा, पहिल्या वेळी कोणालाच आवडत नाही. त्यानंतर वसंतराव देशपांडे, आपल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. त्यांची तान कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणूनच ते दुसऱ्या नंबरवर.

वडसा_लाईन
सगळं मोबाईलवरच काऊन? दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) रात्रभर नाटकं असतात, गाणे तिथंच म्हणतात, वाजवणारे समोर बसले असतात. एकदा या इकडं. अन् भाऊ वावरात दोन्ही कानात बोंडं कोंबू नका, एक कान मोकळा ठेवा, डुकरं येतात अन् पायाखाली काय आहे तेही ऐकू आलं पाहिजे.

पऱ्हाटीवाला
हाव, डुकराचं खरं आहे, दोन दिवसाआधीच धुऱ्यावर होते. रेडिओचं कोनी काही बोललं नाही, माह्या जुन्या मोबाईलात एफएम आहे, वायरवाला इयरफोन लावल्याशिवाय धरत नाही पण नेट नाही लागत. कंजिरा लावला होता, घरचे म्हणे हे काय टकटक लावलं. मले तं लय आवडलं. मास्तर, द्रुत कितव्या मिनिटाले येते?

पेटी_मास्तर
मिनिट ठरलेलं नसतं. लांब रेकॉर्डिंग असेल तर बहुधा शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. बंदिशीचे शब्द बदलतात आणि तबला एकदम जोरात धावायला लागतो, तिथून धरा.