पाऊस दरवर्षी वेगळा, मग आपलं काम फळलं की नाही हे मोजायचं कशावर?

माणदेशी_सरपंचबाई · २९ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातलं आमचं साडेबाराशे वस्तीचं गाव. २०२१ पासून सरपंच आहे. (सरपंच मीच आहे. ‘साहेबांना फोन द्या’ म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवते.)

२०२२ च्या उन्हाळ्यात लोकवर्गणी काढून, श्रमदान करून डोंगरउताराला पाणी अडवून मुरवणारे, एका पातळीतले सलग समतल चर खणले, ओढ्यावर तीन माती नालाबांध घातले, पाझर तलावातला गाळ उपसला. त्या साली पाऊस दणकून झाला. विहिरी मार्चपर्यंत टिकल्या. पारावर माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, सगळं.

२०२३ ला पावसानं पाठ फिरवली. फेब्रुवारीत टँकरची मागणी करायची वेळ आली. त्याच पारावर, ज्यांनी शाल घातली त्यांनीच सुनावलं, “चर खणलं आन् पैका त्यात पुरला.”

खरं सांगू? शाल पडली तेव्हाही मला ठाऊक नव्हतं की पाणी चरांनी आलं की पावसानं. शिव्या बसल्या तेव्हाही ठाऊक नव्हतं. यंदा परत पाऊस चांगला झालाय, म्हणजे परत शाल येणार. यावेळी मला ती नको आहे.

पंचायतीच्या फळ्यावर आम्ही लिहिलंय काय, तर चर इतके मीटर, गाळ इतक्या ट्रॉल्या, श्रमदान इतके दिवस. पाण्याबद्दल एक ओळ नाही. आता उन्हाळी पिकांवर बंधन घालायचा ठराव ग्रामसभेत मांडायचाय. तो कशाच्या जोरावर मांडू? काय मोजू, कधी मोजू?

हात जोडून एक विनंती. ‘हिवरे बाजार बघून या’ असं कुणी लिहू नका. पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या त्या गावाला दोनदा जाऊन आलोय, गाडीचं भाडं अजून फिटतंय.

---

जुना_भूजलवाला · ३० सप्टेंबर

ताई, नोकरीची तीस वर्षं विहिरींत टेप सोडण्यात गेली, त्यामुळे जरा लांबेल.

तुम्ही मागच्या सालाशी तुलना करताय, गोंधळ तिथंच आहे. पातळी एकटी कधी लिहू नका, शेजारी पाऊस हवाच. आणि पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजलेला नको. तिथं धो धो पडतो तेव्हा तुमच्या शिवारात फुफाटा उडत असतो. शाळेच्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून लांब एक साधं पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला वाचा. पाचवी-सहावीची पोरं हे काम मास्तरांपेक्षा चोख करतात.

मग विहिरी निवडा. सगळ्या नको, आठ पुष्कळ झाल्या. त्यातल्या तीन-चार बांधांच्या खालच्या, आणि तेवढ्याच जिथं काम झालेलंच नाही अशा, डोंगराच्या पलीकडच्या अंगाच्या. पाऊस दोघींवर सारखाच. काम नसलेल्या विहिरीही तेवढ्याच टिकल्या तर श्रेय वरुणराजाचं. फरक दिसला तर तुमचं.

मोजायची रीत. काठावर एकाच जागी ऑइल पेंटनं बाण काढा, टेप कायम तिथूनच सोडा. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद केलेली असताना घेतलेलं माप म्हणजे थाप. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे ‘पहाटे मोजा’ एवढं सांगून भागत नाही. महिन्यातली एक रात्र मोटरा बंद ठेवायचं गावानं ठरवावं लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. जवळची निरीक्षण विहीर कुठली ते जिल्हा कार्यालयात विचारा आणि जुन्या नोंदी मागा. पूर्वी एवढाच पाऊस झालेलं एखादं साल त्यात सापडलं तर घबाड समजा.

आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. आपला खडक काळा पाषाण. झिजलेल्या मुरमाटीतसुद्धा पाण्याला जागा शंभरात दोन-तीन भाग. म्हणजे पातळी एक मीटर चढली तरी मुरलेलं पाणी साधारण वीस-तीस मिलिमीटर पावसाएवढंच. हे भांडं लहान आहे. लवकर भरतं आणि तितक्याच लवकर रितं होतं.

---

कांदा_डाळिंब_कर्ज · ३० सप्टेंबर

काकांचं सगळं बरोबर, पण उपसा कोण मोजणार? आमच्याकडं बांध झाले, पाणी वाढलं, दोन वर्षांत मोटरा दुप्पट झाल्या आणि कांद्याच्या रानात ऊस उभा राहिला. पातळी होती तिथंच. बाहेरचा माणूस बघून म्हणाला, काम वाया गेलं. वाया कसलं, प्यालो आम्ही ते! मीही त्यातलाच, पाच एकर.

तेव्हा विहिरींच्या वहीत दोन रकाने वाढवा. शिवारात चालू मोटरा किती, आणि ऊस-कांदा किती एकर. नवीन बोअर पडला की त्याचीही नोंद.

(हिवरे बाजारचं नाव घेत नाही. पण तिथं शेतीसाठी बोअर बंद आहेत आणि पाऊस मोजून मग पिकं ठरतात. मळ्यांचे फोटो काढून येणारे नेमकं हेच विसरून येतात.)

---

आकडेमोड_पुणे · १ ऑक्टोबर

मोबाईलवर डॅशबोर्ड करून देऊ का? फुकट. आठही विहिरींत सेन्सर बसवले की आलेख घरबसल्या.

---

माणदेशी_सरपंचबाई · १ ऑक्टोबर

दादा, आभार. पण गेल्या साली गावातल्या सौरदिव्याच्या बॅटऱ्या महिनाभर टिकल्या नाहीत, सेन्सर आठवडाभर टिकेल. तूर्त वही बरी.

---

जुना_भूजलवाला · १ ऑक्टोबर

वहीच. पारावर भांडण लागलं की वही उघडून दाखवता येते, आणि ज्यानं मोजलं त्याची सही तिच्यात असते.

चर-ट्रॉल्यांबद्दल राहिलं. तसा हिशेब मोठमोठ्यांनी ठेवलाय. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी खर्च झाले आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० मध्ये म्हटलं. तेव्हा फळा पुसायला लाजू नका.

---

माणदेशी_सरपंचबाई · ८ डिसेंबर

मंडळी, उशीर झाला, पण हात हलवत आले नाही.

आठ विहिरी ठरल्या, लाल बाण काढले. एका मालकानं बाण काढू दिला नाही. त्याला वाटलं सरकार विहीर नावावर करून घेतंय. त्याच्या आईनं समजूत काढली. मोटरा बंद ठेवायला दर महिन्याची अमावस्या ठरली. ती तारीख कुणाला लक्षात ठेवावी लागत नाही आणि त्या दिवशी निम्मं गाव तसंही नवं काही करत नाही.

दोन मापं झाली, ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरअखेर. डोंगरापलीकडच्या विहिरी महिन्यात साधारण पाच फूट उतरल्या. पहिल्या दोन बांधांखालच्या दोन फूट. तिसऱ्या बांधाखालची? तीही पाच! म्हणजे तिसरा बांध असून नसल्यासारखा. सगळ्यात जास्त वर्गणी त्यालाच लागली होती, आणि माझा फोटोही त्याच्याच भिंतीवर उभं राहून काढलेला. शेजारच्या रानातले आजोबा म्हणाले, “तळाला अखंड पाषाण हाय, तवाच सांगितलं हुतं.” सांगितलं होतं, खरंय. मी ऐकलं नव्हतं.

एका महिन्याच्या फरकावर उड्या मारायच्या नाहीत, हे कळतंय. मार्चपर्यंत थांबते. पण तिसऱ्या बांधाच्या दुरुस्तीला यंदा पैसे नाहीत, हे मासिक सभेत ठरवून टाकलं.

मोजायचं अजून एक साधन सापडलं. मारुतीच्या देवळाजवळ हापसा आहे. तिथली एक आजी पाणी धारेला लागेपर्यंत किती हापसे मारावे लागतात ते रोज मोजते, तिच्या खांद्याला ते मोजावंच लागतं. गेल्या दिवाळीत चाळीस, यंदा चौदा. तिचा आकडा वहीत वेगळ्या पानावर घेते. शिवारातल्या चालू मोटरा एकोणसाठ निघाल्या. कुणालाच पटेना, म्हणून परत मोजल्या. एकसष्ट.

ठराव बंदीचा नाही मांडला. ऊसवाले अकरा जण, त्यांना विहिरीजवळच बोलावलं. जानेवारीअखेर पाणी बाणापासून पंचवीस फुटांखाली गेलं तर उन्हाळी पीक कुणीच घ्यायचं नाही, वर राहिलं तर एकरी मर्यादा ठरवून घ्यायचं. आज पाणी एकोणीस फुटांवर आहे, म्हणून सही करायला कुणाला जड गेलं नाही. नऊ सह्या झाल्या. उरलेल्या दोघांतला एक माझा चुलत दीर.

काका, एक विचारायचं होतं. आमची दोरी भिजली की मापात चार-सहा बोटांचा फरक पडतो. तीस मीटरची, पाण्यात टिकणारी टेप कुठली घेऊ?

---

जुना_भूजलवाला · ८ डिसेंबर

फायबरग्लासची. सर्व्हेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. टोकाला वजन बांधा आणि शेवटच्या दोन मीटरला खडू फासा. ओला झालेला भाग सोडलेल्या मापातून वजा करायचा, म्हणजे पाण्याची रेघ चुकत नाही. वजनाची लांबी मापात धरायला विसरू नका, मी पहिली दोन वर्षं विसरत होतो. आणि दिरांच्या विहिरीलाही बाण काढा.