बिली डिक्सनचे शौर्यपदक: काढले ते योग्य, की परत दिले ते?

माळरान

अमेरिकेच्या सैन्याने १९१७ साली सर्वोच्च शौर्यपदकाच्या यादीतून ९११ नावे वगळली. त्यांत बिली डिक्सन होता, आणि त्याचे नाव यादीत परत यायला १९८९ साल उजाडावे लागले. तो सहाव्या घोडदळाच्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून लढला असला, तरी नोंदीप्रमाणे शिपाई नव्हता, पगारी वाटाड्या होता, एवढेच कारण देण्यात आले. हा निव्वळ अन्याय होता, असे माझे ठाम मत आहे.

१२ सप्टेंबर १८७४ रोजी कर्नल माइल्स यांचे खलिते घेऊन डिक्सन, दुसरा वाटाड्या एमॉस चॅपमन आणि चार घोडेस्वार टेक्सासच्या उत्तर भागातून निघाले असता कायोवा आणि कोमांची या मूळनिवासी जमातींच्या स्वारांनी त्यांना उघड्या माळावर गाठले. घोडे पहिल्याच झटापटीत गेले. आडोसा मिळाला तो बायसन (अमेरिकेतले रानगवे) लोळून लोळून झालेल्या एका उथळ खड्ड्याचा, आणि गोळ्या अंगावरून जात असताना त्यांनी चाकूंनी व हातांनी माती उकरून त्याच्या कडेला बांध घातला. पाय मोडलेला चॅपमन बाहेरच पडून होता. डिक्सनने त्याला पाठीवर घेऊन आत आणले. दुपारनंतर पाऊस झाला तेव्हा खड्ड्यात साचलेले, रक्त मिसळलेले पाणी ते सगळे प्यायले. घोडेस्वार स्मिथ त्या रात्री गेला आणि त्याच खड्ड्यात पुरला गेला. अशा माणसाचे पदक हजेरीपटावरून ठरवायचे का?

काठावरचा

धैर्याविषयी वाद नाही. परंतु डिक्सन त्या माळावर पोहोचला कसा, हे आपण सांगितले नाही. तो चामड्यासाठी बायसन मारणारा शिकारी होता. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारात आर्कान्सा नदीच्या दक्षिणेस, बायसन पुरेसे आहेत तोवर, शिकारीचा हक्क तिथल्या जमातींना राखून दिला होता. तरीही कारखान्यांतील यंत्रांच्या पट्ट्यांसाठी कातडे हवे म्हणून शिकाऱ्यांनी कळपच्या कळप संपवले. २७ जून १८७४ रोजी टेक्सासमधल्या अडोब वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर या जमातींचा जो हल्ला झाला तो या उपासमारीच्या भीतीतून झाला. तिथली डिक्सनची १५३८ यार्डांवरची गोळी आजही कौतुकाने सांगितली जाते. तिने पाडलेल्या स्वाराचे नाव मात्र त्या कौतुकात नसते.

जुनी वही

मला वेगळीच शंका आहे. चॅपमनच्या तोंडची म्हणून जी हकिगत छापली गेली, तिच्यात जखमी स्मिथला चॅपमननेच उचलून आणले असे येते, तर डिक्सनच्या आठवणींत डिक्सन चॅपमनला आणतो. दोन्ही एकाच वेळी खरे कसे मानायचे?

माळरान

काठावरचा, कराराबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे आणि त्या गोळीचे कौतुक मलाही नको. खुद्द डिक्सनने ती नशिबाची गोळी मानली होती, हे लक्षात घ्यावे. मात्र पदक त्या गोळीसाठी नव्हते, खड्ड्यातल्या दिवसासाठी होते.

जुनी वही, कुणी कुणाला उचलले याचा निकाल आज लावता येणार नाही. पण पदक सहाही जणांना मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी मदत शोधायला डिक्सन एकटा उघड्या माळावर निघाला, हे पुरेसे नाही का? पुढे वर्षानुवर्षे तो अडोब वॉल्सला टपाल सांभाळत राहिला. १९०१ साली टेक्सासमधल्या हचिन्सन काउंटीचा पहिला शेरिफ म्हणून निवडून आला, आणि त्या पदाभोवतीच्या राजकीय भांडणांना विटून त्याने ते सोडून दिले. खुर्चीसाठी शौर्य मिरवणारा माणूस असे करत नाही.

काठावरचा

शेरिफपदाच्या राजीनाम्यामुळे त्या माणसाविषयी माझा आदर वाढला, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही नियम शिपायांसाठी होता आणि १९१७ साली नावे वगळणाऱ्या मंडळाने तो पाळला. नियम चुकीचा वाटत असेल तर तो बदलायचा होता, बहात्तर वर्षांनी नावे परत लिहायची नव्हती.

माळरान

नियम पाळला हे खरे. मात्र डिक्सन १९१३ सालीच न्युमोनियाने गेला होता, त्यामुळे आपले नाव वगळले जात असताना त्याला स्वतःची बाजू मांडता आली नाही. खलिते सोपवताना मात्र तो शिपाई आहे की वाटाड्या, हे कुणी पाहिले नव्हते.