मदत हवी आहे: अंडाशय काढल्यानंतर हार्मोन्स आणि पहिले काही आठवडे

बीआरसीए१ या जनुकात दोष असल्याने (त्याने स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो) दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या दुर्बिणीतून काढायच्या ठरल्या आहेत. वय ३९, गर्भाशय राहणार, स्तनाचा कर्करोग झालेला नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. बीजवाहिन्यांचे २ ते ३ मिलिमीटरचे काप करून त्या पूर्ण तपासाव्यात, असं पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहून घेतलंय. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी हे नक्की विचारा: अशा रुग्णांत कर्करोगाची सुरुवात बरेचदा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते आणि एखादा काप पाहून ती निसटू शकते.

अडलंय ते हार्मोन्सपाशी. अंडाशय गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम घटतं, म्हणून ते बाहेरून लवकर सुरू करून साधारण ५१ व्या वर्षापर्यंत घ्यायचं, गर्भाशयाच्या अस्तराची अवाजवी वाढ होऊ नये म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन, इथवर समजलं. पण इस्ट्रोजेनचा त्वचेवर चिकटवायचा पॅच की चोळायचं जेल? रात्री दरदरून घाम आला की पॅचच्या कडा सुटतात का? प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल झोपताना घेतल्यावर सकाळी गुंगी राहते का?

ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, त्यावर थोडं थोडं चालण्याखेरीज काय कामी आलं? कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचं हे माहीत आहे. बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासूनच घेतलंत का?

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनीही लिहा, हार्मोन्सशिवाय अंगातल्या गरम वाफा (हॉट फ्लॅशेस) कशा आटोक्यात आल्या. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असेल तर पॅरॉक्सेटिन (गरम वाफांवरही देतात ते नैराश्यावरचं औषध) टाळतात, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो. मग काय दिलं?