गोल्डफिशच्या टाकीतली शी रोज काढते, तरी पाणी दुधाळ. काय करू?

बेसा_रोड

नमस्कार. आमच्याकडे दोन फुटी टाकी आहे, २४ बाय १२ बाय १२ इंच. त्यात चार गोल्डफिश आणि एक सकर (काचेला तोंडाने चिकटून राहणारा मासा). खाली तीन बोटं जाड रंगीत खडे, आतल्या बाजूला मोटरचा फिल्टर. माशांची शी इतकी होऊन राहिली आहे की सकाळी पाइपने ओढली तरी संध्याकाळी खड्यांवर परत लांब लांब दोरे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे दर रविवारी मासे बादलीत काढते, पूर्ण पाणी फेकते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुते. रविवारी टाकी इतकी सुंदर दिसते की मुलगी समोरून हलत नाही. मंगळवार-बुधवारपर्यंत पाणी दुधाळ, आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात, सकाळी सकाळी तर जास्तच. पाणी आम्ही बोअरचं आणि कॉर्पोरेशनचं मिळून वापरतो. खाणं दिवसातून तीनदा, मुलगी हाताने टाकते. आता एप्रिल संपत आला, मे महिन्यात काय होईल याची भीती वाटते. घाण कमी करायला आणखी एखादा सकर आणू का?

धरमपेठ_टँक

टाकीच्या मानाने मोटर लहान असेल. मोठा फिल्टर लावा, दोन सकर वाढवा. माझ्या टाकीत सकर काच एकदम साफ ठेवतात.

नंदनवन_पाणीतपासणी

ताई, आणखी सकर आणू नका. सकर काचेवरचं शेवाळ खातो, इथपर्यंत धरमपेठवाल्या दादांचं बरोबर आहे. पण माशांची शी तो खात नाही, उलट त्याची स्वतःची शी गोल्डफिशपेक्षा कमी नसते. शिवाय हा मासा फुटाच्या वर वाढतो, तुमच्या टाकीची रुंदीच एक फूट आहे.

दुसरं, रविवारची पूर्ण धुलाई या आठवड्यापासून थांबवा. हे मी आग्रहाने सांगतो आहे, कारण तुमचे मासे वर येतात त्याचं मूळ तिथे दिसतं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली आणि घरी टाक्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला खड्यांवर जी शी दिसते ती त्रासाचा लहान भाग आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, थेट पाण्यात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे शीचा एकेक दोरा तुम्ही उचलला तरी अमोनिया पाण्यात येतच राहणार. तो संपवतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. आणि फार सावकाश वाढतात, नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाचं क्लोरीन असलेलं पाणी स्पंजवर सोडलं की त्यातले बरेचसे मरतात, राहिलेले चोळण्यात जातात. मंगळवारचा दुधाळपणा हे वेगळ्या जिवाणूंचं काम आहे. ते उरलेल्या खाण्यावर आणि शीवर जगतात, भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खातात. म्हणून मासे वर येतात. अमोनियाने कल्ले जळजळत असले तरीही वर येतात. बहुतेक दोन्ही एकदम चालू असावं.

आता खाणं. मुलीला वाईट वाटू देऊ नका, पण हिशेब बघा. गोल्डफिशच्या खाण्याच्या पाकिटावर प्रोटीन साधारण ४० टक्के लिहिलेलं असतं. प्रोटीनमध्ये नायट्रोजन १६ टक्के. म्हणजे १ ग्रॅम खाण्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला थोडा मासा अंगी लावतो, बराचसा बाहेर टाकतो. तुमच्या टाकीत खडे सोडून ५० लिटरच्या आसपास पाणी असेल. एका ग्रॅमने दर लिटरला पाऊण-एक मिलिग्रॅम नायट्रोजनची भर पडते, रोज. न खाल्लेलं खाणं कुजलं तर पूर्ण ६४ मिलिग्रॅम पाण्यात. आणि गोल्डफिशला जठर नसतं. समोर येईल ते खात जातो, अर्धवट पचवून मागून सोडतो. ते लांब दोरे बऱ्याच अंशी त्याचेच आहेत. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच द्या, गोळ्या आधी वाटीत भिजवून. आठवड्यातून एक दिवस उकडून साल काढलेला मटार. भरवायचं काम मुलीकडेच राहू द्या, फक्त दिवसाचं खाणं सकाळी एका डबीत मोजून द्या. डबी रिकामी झाली की बस.

स्पंज कसा धुवायचा ते नीट सांगतो, सगळा खेळ त्याच्यावर आहे. पाणी बदलताना टाकीतलंच काढलेलं पाणी अर्धी बादली घ्या. फिल्टर बंद करून स्पंज अलगद काढा. पाण्याखाली धरून दोन-तीनदा हलकेच दाबा. कडक चहासारखं तपकिरी पाणी निघेल. तो गाळ निघाला की थांबा, स्पंज पिवळसर, बुळबुळीत राहिला पाहिजे. तोच बुळबुळीत थर तुमचं घाण पचवायचं यंत्र आहे. पांढराशुभ्र करायला जाऊ नका.

खडे तीन बोटं जाड म्हणता, त्यांच्या फटीत काय काय दबलं असेल! हळूहळू कमी करा, एकदम सगळे नको, कारण त्यांच्यावरही जिवाणू आहेत. दर आठवड्याला एका कोपऱ्यातले मूठभर काढत एक बोट थर ठेवा. रुंद तोंडाचा सायफन खड्यांत टेकवला की खडे वर उसळतात आणि खाली पडतात, घाण पाइपातून जाते. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी एवढंच बदला. कॉर्पोरेशनचं पाणी पेंच-कन्हान नद्यांचं, क्लोरीन घातलेलं येतं. बादलीत उघडं एक दिवस ठेवा किंवा हायपो टाका, दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतो. बोअरच्या पाण्याची चाचणी करून घ्या, काही बोअरमध्ये नायट्रेट आधीच असतं. मग पाणी बदलून काय कमी होणार?

आणि हो, पाणी तपासायचं किट आणा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं चांगलं.

बेसा_रोड

काका, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. थेंबांचं किट आणलं. अमोनियाच्या नळीचा रंग पिवळा यायला पाहिजे होता, आमचा हिरवा आला, कार्डावर २ च्या जवळ. नायट्राइट १, नायट्रेट २०, पीएच ८. बोअरच्या पाण्याचं नायट्रेट ५ च्या आत आलं. पाण्याचं तापमान दुपारी ३० होतं. हे किती वाईट आहे?

नंदनवन_पाणीतपासणी

आज हातचं काम सोडून करावं एवढं वाईट आहे, पण मासे वाचतील.

पीएच आणि तापमान का महत्त्वाचं ते सांगतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच खरं विषारी. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की त्याच तापमानाला ५ टक्के. ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जानेवारीत जो आकडा मासे सहन करतात तोच आकडा आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांना मारू शकतो. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि जिवाणूंनाही तो लागतो, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साडेचार मिलिग्रॅमच्या वर.

तर आज पाणी एक तृतीयांश बदला, क्लोरीन काढलेलं, टाकीएवढ्याच तापमानाचं. पुढचे काही दिवस रोज तेवढंच, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याकडे येईपर्यंत. दोन दिवस खाणं बंद. गोल्डफिश उपाशी मरत नाही, मुलीला तसं समजावा. एअर पंप चोवीस तास चालू. नायट्राइटसाठी साधं खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम, मगमध्ये विरघळवून थोडं थोडं घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ परत. सकरला मीठ गोल्डफिशइतकं मानवत नाही, म्हणून याच्या वर जाऊ नका. पीएच उतरवायचं औषध कोणी दिलं तर घेऊ नका, एकदम बदललेला पीएच वेगळाच घात करतो.

लक्ष्मीनगर_गच्ची

टाकीतलं काढलेलं पाणी मोरीत ओतू नका गं. माझा मोगरा आणि कढीपत्ता त्याच्यावरच वाढतोय, दुसरं खत मी देत नाही. फक्त मीठ घातलेलं पाणी झाडांना नको, ते दिवस संपेपर्यंत थांब. आणि मनी प्लँटच्या दोन फांद्या टाकीच्या काठाला अशा लाव की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. मुळं नायट्रेट ओढून घेतात. पानं बुडाली तर सडतात आणि घाणीत भर, तेवढं बघ.

नंदनवन_पाणीतपासणी

बरोबर बोलल्या. मनी प्लँट मीसुद्धा लावतो. उन्हाळ्यात एक जास्तीचं लक्षात ठेवा: मे महिन्यात टाकीचं पाणी वाफ होऊन रोज थोडं थोडं उतरतं. ते वरून भरलं म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. वाफ एकटी जाते, नायट्रेट आणि क्षार मागेच राहतात आणि घट्ट होत जातात. आठवड्याचं सायफन करायचंच. टाकी खिडकीपासून लांब घ्या, झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा तिरका लावा. आपल्याकडची हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाच्या बाटल्या टाकून झटक्यात गार करू नका.

बेसा_रोड

सहा दिवस झाले. अमोनिया पाव, नायट्राइट अर्धा, मासे आता तळाशी फिरतात. पाणी अजून थोडं धुरकट आहे पण मी हात लावला नाही. मुलगी डबी घेऊन वेळ पाहत बसते. आता दोन प्रश्न. सकरचं काय करू, फुटाळा तलावात सोडून येऊ का? आणि लाइट गेले तर?

नंदनवन_पाणीतपासणी

फुटाळ्यात नाही, अंबाझरीतही नाही, सोनेगावातही नाही. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, कमी ऑक्सिजनमध्येही तगतो आणि आपल्या तलावात एकदा बसला की निघत नाही. ज्याच्याकडे चार-पाच फुटी टाकी आहे त्याला द्या, नाहीतर दुकानात परत द्या, बहुतेक दुकानदार घेतात. इथेच वेगळा धागा काढून विचारा, कोणी ना कोणी घेईल. चार गोल्डफिशलाही ही टाकी पुढे कमी पडणार आहे, आतापासून मोठ्या टाकीचा विचार करून ठेवा.

लाइट जाण्याची तयारी म्हणजे बॅटरीवर चालणारा एअर पंप, आजच घेऊन ठेवा. लाइट असताना खाणं नेहमीसारखं द्या, पण लाइट गेलेले असताना देऊ नका. बंद फिल्टरच्या स्पंजमध्ये पाणी अडून राहतं, आतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. तासाभरात लाइट आले तर काही नाही. चार-पाच तास गेले तर मोटर परत चालू करण्याआधी स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात एकदा दाबून घ्या, आतलं कुजकं पाणी थेट माशांवर सोडू नका, आणि त्या संध्याकाळी अमोनिया पुन्हा तपासा.